छावणीच्या बाहेर : कंपूतील एका प्रश्नाच्या निमित्ताने

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कंपू नावाची जुनी वस्ती आहे. काही वर्षांपूर्वी उपवासकाळात तेथील मोजक्या मराठी भाषक ख्रिस्ती कुटुंबांसाठी चिंतनवर्ग घेण्याचा योग मला आला. शेवटच्या दिवशी वर्ग आटोपून मंडळी पांगली, तरी एक वयस्क धर्मशिक्षिका मागे थांबल्या. सारे त्यांना काकू म्हणत. तीस वर्षे त्यांनी मुलांना धर्मशिक्षण दिले होते. बराच वेळ त्या पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळीत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "फादर, एक विचारायचे आहे. हसू नका."

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. पूर्वी त्या ज्या गावी होत्या, तेथील चर्चमध्ये नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला एक तृतीयपंथी व्यक्ती आली. त्या चर्चमध्ये जुन्या रीतीप्रमाणे पुरुष डावीकडे व स्त्रिया उजवीकडे बसत. ती स्त्रियांच्या बाजूला गेली, तेव्हा एका स्वयंसेवकाने तिला उठविले. पुरुषांच्या बाजूला गेली, तेव्हा तेथील माणसे सरकून बसली. अखेर ती दाराशी, पायताणे काढून ठेवतात तेथे बसली आणि शेवटपर्यंत तेथेच राहिली. काकू तिच्यापासून चार हातांवर होत्या. त्यांनी पाहिले की, तिला सारी गीते तोंडपाठ होती आणि धर्मगुरूंच्या प्रत्येक वाक्याला ती अचूक प्रतिसाद देत होती. लहानपणी तिचा बाप्तिस्मा झाला होता, प्रथम ख्रिस्तप्रसादही झाला होता, हे काकूंना पुढे कळले. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मात्र ती जागची उठली नाही.

"फादर, मी तिला कुठे बसवायला हवे होते?" हा काकूंचा प्रश्न.

मी तेव्हा काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर माझेच मला पटले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाकडे अधिक सावकाशीने वळण्याचा प्रयत्न आहे. बसण्याच्या जागेपासून निघालेला हा प्रश्न पुष्कळ दूर जातो. समलिंगी आकर्षण असणारी माणसे, तृतीयपंथी व पारलिंगी माणसे ख्रिस्तसभेत आहेत. ती प्रार्थना करतात, उपवास करतात, बायबल वाचतात. त्यांच्या या श्रद्धाजीवनाशी आपण, धर्मगुरू व धर्मशिक्षक, आजवर कसे वागलो आणि पुढे कसे वागावे? शास्त्रवचनांचा अर्थ लावण्यापूर्वी येथे इतिहास पाहणे उपयोगाचे आहे, असे मला वाटते. ज्याला आपण सनातन परंपरा समजतो, त्यातील काही भाग परंपरेचा नसून परक्या राजदंडाचा असतो.

कंपू आणि त्यातील ख्रिस्ती

आरंभ कंपूपासूनच करू. आज मराठीत ‘कंपू’ म्हणजे टोळके. परंतु हा शब्द मूळचा पोर्तुगीज ‘कांपो’, म्हणजे छावणी. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय पद्धतीने कवायत शिकविलेल्या पायदळाच्या पथकांना मराठ्यांच्या दरबारी कंपू म्हणू लागले. महादजी शिंदे यांनी १७८४ साली सॅव्हॉयचा डी बॉयन याला नोकरीस ठेवले आणि असे कंपू उभारले. त्याच्यामागून पेराँ आला. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस कायमचा तळ दिला, तोच लष्कर शहराचा प्रारंभ. त्या लष्करात कवायती फौजेच्या आठवणीने कंपू हे नाव टिकून राहिले.

या फौजेत ख्रिस्ती कोण होते? नेपल्सहून आलेल्या मायकेल फिलोझचे घराणे येथेच रुजले. त्याचा मुलगा ज्याँ बाप्तिस्त फिलोझ दौलतरावांचा सेनानी झाला आणि पुढील पिढ्यांतील सर मायकेल फिलोझ यांनी जयविलास राजवाडा बांधला, तो १८७४ साली पुरा झाला. जेम्स स्किनर याची कथा आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे. बाप स्कॉटिश, आई रजपूत. ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ साली असा नियम केला की, हिंदी मातेच्या पोटी जन्मलेल्यास कंपनीच्या मुलकी वा लष्करी सेवेत अधिकारपद मिळणार नाही. बाप्तिस्मा झालेला, शूर, तरीही जन्मामुळे बाहेर. असा हा स्किनर शिंद्यांच्या कंपूत आला. १८०३ साली इंग्रज आणि शिंदे यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा त्याला ती नोकरीही सोडावी लागली. पुढे त्याने दिल्लीत सेंट जेम्स चर्च बांधले. त्याचे अर्पण १८३६ साली झाले.

या इतिहासातून फार मोठा सिद्धान्त काढू नये. कंपू ही काही धर्मसभा नव्हती. तो युद्धाचा कारखाना होता. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांना ‘हे ना इकडचे, ना तिकडचे’ म्हणून प्रतिष्ठितांनी दाराबाहेर ठेवले, त्यांच्यापैकी कित्येकांनी श्रद्धा सोडली नाही. दार उघडण्याची वाट न पाहता ते प्रार्थना करीत राहिले आणि स्किनरने तर इतरांसाठी प्रार्थनामंदिर उभारले. बाहेर ठेवलेल्या माणसापाशी देव आधीच पोहोचलेला असतो. काकूंनी दाराशी पाहिले ते हेच होते.

शास्त्रातील छावणी

छावणीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा पवित्र शास्त्रातीलही जुना प्रश्न आहे. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायाच्या आरंभी खच्ची केलेल्या पुरुषास परमेश्वराच्या सभेत मज्जाव केला आहे. यशयाच्या छपन्नाव्या अध्यायात मात्र त्याच परमेश्वराचे वचन षंढांना आश्वासन देते की, जे त्याचा करार धरून राहतात, त्यांना त्याच्या मंदिरात व भिंतींच्या आत पुत्रकन्यांपेक्षा श्रेष्ठ असे स्मारक व नाव लाभेल. एका ग्रंथात दार बंद, दुसऱ्यात उघडे. हा विरोध नव्हे. देवाच्या प्रकटीकरणाची ती वाटचाल आहे.

या वाटचालीचा पुढील टप्पा प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात येतो. कूश देशाच्या राणीचा खजिनदार, जातीने परका आणि देहाने षंढ, यरुशलेमेस उपासनेसाठी जाऊन परत निघाला आहे. ज्या सभेत त्याला पूर्ण प्रवेश मिळणे शक्य नव्हते, तिच्यासाठी त्याने एवढा लांबचा प्रवास केला होता. रथात बसून तो यशयाचा त्रेपन्नावा अध्याय वाचीत आहे. पुढे तीनच अध्यायांवर त्याच्यासारख्यांविषयीचे आश्वासन आहे. फिलिप्प त्याच्याजवळ जातो तेव्हा चार गोष्टी घडतात. फिलिप्प धावत जवळ जातो. काय वाचतोस, समजते का, असे विचारतो. रथात शेजारी बसतो. आणि पाणी दिसताच, आता मला अडचण कोणती, असे त्या षंढाने विचारले असता त्याला कोणतीही अडचण सांगत नाही. बाप्तिस्मा होतो. फिलिप्प हा अन्नछत्राच्या कामासाठी निवडलेल्या सातांपैकी एक होता, हे आपल्या धर्मशिक्षकांनी विसरू नये. हे मोठे काम एका सेवकाकडून झाले. इतिहासकार युसेबियस याने चौथ्या शतकात या षंढाला परराष्ट्रीयांपैकी पहिले फळ मानल्याची परंपरा नोंदविली आहे.

येथे एक सावधगिरी हवी. शास्त्रातील षंढ आणि आजची समलिंगी किंवा पारलिंगी व्यक्ती एक नव्हेत. षंढत्व ही प्राचीन दरबारांतील एक अवस्था होती. बहुधा ती बळजबरीने लादलेली असे. तेव्हा आठव्या अध्यायातून आजच्या सर्व नैतिक प्रश्नांची उत्तरे काढणे अयोग्य होय. परंतु मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रभूने स्वतः, विवाहाच्या चौकटीत न बसणाऱ्या तीन प्रकारच्या माणसांचा उल्लेख केला आहे: जन्मतः तसे असलेले, माणसांनी तसे केलेले आणि स्वर्गराज्यासाठी तसे झालेले. त्यांच्याविषयी प्रभूच्या मुखी तिरस्काराचा शब्द नाही. आपल्या मराठी शास्त्रात षंढ, नपुंसक हे शब्द जेथे येतात तेथे वाचकाच्या कानाला ते शिवीसारखे लागतात, हा दोष शास्त्राचा नव्हे, आपल्या बोलीचा आहे. वाचन करणाऱ्याने तेथे स्वर सांभाळावा.

प्रारंभीच्या ख्रिस्तसभेनेही या बाबतीत विवेक केला. ३२५ सालच्या नायसिया परिषदेचा पहिलाच नियम असा आहे की, आजारात वैद्यांनी किंवा रानटी लोकांनी ज्यास खच्ची केले असेल, त्याने धर्मसेवकवर्गात राहावे. स्वतःच्या हाताने ज्याने तसे करून घेतले, त्याने राहू नये. म्हणजे परिषदेने देहाच्या स्थितीवरून माणसाला दूर केले नाही. त्याने स्वेच्छेने काय केले, एवढेच पाहिले. स्थिती आणि कृती यांतील हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरला.

पाप आणि गुन्हा

अकराव्या शतकाच्या मध्यास संत पीतर दामियन यांनी धर्मगुरूंमधील समलिंगी संबंधांविरुद्ध एक जळजळीत ग्रंथ लिहून पोप नववे लिओ यांना सादर केला. पोपांनी लेखकाच्या आस्थेची प्रशंसा केली; परंतु सर्व दोषींना सरसकट पदच्युत करण्याची त्यांची मागणी मान्य केली नाही. अधिक माणुसकीने वागण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. त्या काळी हा प्रश्न प्रामुख्याने पापनिवेदनाचा, प्रायश्चित्ताचा आणि समेटाचा होता.

पुढील शतकांत राजसत्तेने तो आपल्या हाती घेतला. पोर्तुगीज राजांच्या विधिसंहितांत या कृत्याला जाळून मारण्याची शिक्षा होती आणि पोर्तुगालमधील धर्मन्यायालयांनी असे खटले चालविले. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळी १५३३ साली देहान्त शिक्षेचा कायदा झाला. त्याच इंग्रजी विचाराची सावली घेऊन १८६० साली भारतीय दंडसंहिता संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या ३७७ व्या कलमाने निसर्गक्रमाविरुद्धच्या संभोगास जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. पाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता. संशयितांची नोंदवही ठेवावयाची. नोंद झालेल्याने स्त्रीवेशात सार्वजनिक जागी दिसू नये, नाचगाणे करू नये. त्याने कोणाचे पालक होऊ नये, दत्तक घेऊ नये, मृत्युपत्र करू नये. वायव्य प्रांतात हा कायदा लागू झाला. ग्वाल्हेर हे संस्थान असल्यामुळे ब्रिटिश कायदा येथे आपोआप चालत नसे. पण चंबळ ओलांडली की आग्रा जिल्हा, आणि तेथे तो चाले.

वाचकांच्या ध्यानात येईल की, आपल्या देशातील ख्रिस्तसभेच्या वाढीचा मोठा काळ या कायद्यांच्या छायेत गेला. परिणाम असा झाला की, पाप आणि गुन्हा या दोन कल्पना आपल्या मनात एकमेकींत मिसळल्या. पाप्यासाठी पापनिवेदनाची खुर्ची असते, गुन्हेगारासाठी पोलीसचौकी. धर्मगुरूच्या दारी येणाऱ्या माणसाला आपण यांपैकी कोठे आलो आहोत याची खात्री वाटेनाशी झाली, म्हणून तो आलाच नाही. त्याने प्रार्थना केली ती एकट्याने, किंवा काकूंच्या त्या पाहुणीसारखी दाराशी.

ज्यांनी श्रद्धा टिकविली

गेल्या साठेक वर्षांत ही एकटी प्रार्थना उघड झाली. अमेरिकेत ट्रॉय पेरी या पदच्युत झालेल्या पेंटेकॉस्टल पाळकाने ६ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजेलिसजवळ आपल्या घरी उपासना भरविली. बारा माणसे आली. त्यातून मेट्रोपोलिटन कम्युनिटी चर्च हा स्वतंत्र पंथ निघाला. पुढच्याच वर्षी, १९६९ साली, सॅन दिएगो येथे पॅट्रिक निडोर्फ या ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी समलिंगी कॅथलिकांसाठी ‘डिग्निटी’ हा प्रार्थनागट सुरू केला. न्यूयॉर्क येथे १९८० साली फादर जॉन हार्वे यांच्या मार्गदर्शनाखाली ‘करेज’ हा गट स्थापन झाला; त्याने ख्रिस्तसभेच्या शिकवणीप्रमाणे ब्रह्मचर्याचा मार्ग धरला. या गटांच्या भूमिका एकमेकांशी जुळत नाहीत आणि पहिल्या दोहोंशी आपल्या धर्मपीठाचे गंभीर मतभेद झाले. तथापि तिन्ही ठिकाणी माणसे एकाच कारणासाठी जमली: त्यांना प्रार्थना हवी होती आणि ती एकट्याने करवत नव्हती.

आपल्यापैकी अनेकांनी सेमिनरीत असताना हेन्री नौवेन यांचे ग्रंथ वाचले असतील. जखमी माणूसच इतरांच्या जखमा बांधू शकतो, हा त्यांचा विचार आपल्या प्रवचनांतही येतो. हे डच धर्मगुरू १९३२ साली जन्मले आणि १९९६ साली निवर्तले. विद्यापीठातील अध्यापन सोडून १९८६ पासून ते कॅनडात मतिमंदांच्या सहनिवासात राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर चरित्रकारांनी जे प्रसिद्ध केले त्यावरून कळते की, त्यांना समलिंगी आकर्षण होते, त्याचा एकाकीपणा त्यांनी आयुष्यभर सोसला आणि धर्मगुरुपदाचे व्रत पाळले. आपण त्यांचे शब्द व्यासपीठावरून उद्धृत करीत होतो, तेव्हा ती जखम कोणती हे आपल्याला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर आपण ते पुस्तक मिटले असते काय? हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारण्यासारखा आहे.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. वेषरचनाकार वेंडेल रॉड्रिक्स हे १९६० साली जन्मलेले गोमंतकीय कॅथलिक. बालपण माहीमला गेले. कुणबी साडीला त्यांनी पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी लपविले नाही. २००२ साली त्यांनी आपल्या फ्रेंच सहचराशी फ्रान्सच्या कायद्यानुसार सहजीवनाची नोंदणी केली. ख्रिस्तसभा अशा नोंदणीस विवाह मानीत नाही, हे उघड आहे. परंतु १२ फेब्रुवारी २०२० रोजी कोलवाळ येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा गावच्या संत फ्रान्सिस असिसी चर्चनेच त्यांना अखेरचा निरोप दिला. ज्या गावाने त्यांना जवळून पाहिले होते, त्याने त्यांना दाराशी ठेवले नाही.

इतर पंथांतही काही घडले आहे. तामिळनाडूत चेंगलपट्टूजवळ भारती या पारलिंगी स्त्री इव्हॅन्जेलिकल चर्च ऑफ इंडियाच्या पाळक झाल्या. कोची येथे २०१६ च्या डिसेंबरात शिक्षण सुटलेल्या पारलिंगी व्यक्तींसाठी एक शाळा निघाली. तिला कोणी जागा देईना, तेव्हा कार्मेल मातेच्या धर्मभगिनींनी आपली इमारत दिली.

ख्रिस्तसभेचा शब्द

मतभेदाच्या गदारोळात ख्रिस्तसभेची शिकवण नेमकी काय आहे, हे पुष्कळदा अर्धेच सांगितले जाते. १९७५ च्या डिसेंबरात धर्मसिद्धान्त मंडळाने लैंगिक नीतीवरील निवेदन काढले. त्यात समलिंगी कृत्ये अमान्य केली, परंतु व्यक्तीचा दोष ठरविताना विवेक बाळगण्यास सांगितले. १९८६ च्या पत्रात अशा व्यक्तींविरुद्धच्या हिंसक बोलण्याचा व वागण्याचा निषेध केला. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाचे २३५७ ते २३५९ हे परिच्छेद हीच शिकवण मांडतात: समलिंगी कृत्ये मान्य नाहीत, अशा व्यक्तींना शुद्धतेचे पाचारण आहे, आणि त्यांचा आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकार करावा, अन्याय्य भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी. यांपैकी पहिली दोन वाक्ये आपण शिकविली. तिसरे शिकविले का? हे एकच शिक्षण आहे. त्याचा तिसरा भाग गाळणारा शिक्षकही शिकवण मोडतो.

भारतात ही कसोटी कायद्याच्या निमित्ताने लागली. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील खाजगी व संमतीचे संबंध ३७७ व्या कलमाच्या कक्षेबाहेर काढले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत इतर धर्मीयांबरोबर काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. ११ डिसेंबर २०१३ रोजी ते कलम पुन्हा लागू झाले. तेव्हा मुंबईचे तत्कालीन महागुरुस्वामी कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी स्पष्ट केले की, ख्रिस्तसभा समलिंगी विवाह मान्य करीत नाही, परंतु या व्यक्तींना तिने कधी गुन्हेगारही मानलेले नाही. नववे लिओ यांच्या काळी ठाऊक असलेला पाप व गुन्हा यांतील भेद आपल्या भूमीत पुन्हा उच्चारला गेला, म्हणून हे उद्गार इतिहासात नोंदविण्याजोगे आहेत. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या परिषदेनेही एड्सग्रस्तांच्या सेवेतून या विषयाकडे वळून मंडळ्यांसाठी चर्चासत्रे घेतली व साहित्य काढले.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ व्या कलमाचा तो भाग रद्द ठरविला. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले आहे की, इतिहास या व्यक्तींचे व त्यांच्या कुटुंबियांचे क्षमायाचनेचे देणे लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरलेले नाही. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने मान्य केला नाही. त्याच वर्षी रोममधून दोन महत्त्वाचे दस्तऐवज निघाले. नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या उत्तरात, अपप्रवादाचा धोका नसेल तर पारलिंगी व्यक्तीस इतर श्रद्धावंतांप्रमाणे बाप्तिस्मा घेता येतो, असे सांगितले. १८ डिसेंबरच्या घोषणापत्राने समलिंगी जोडप्यांतील व्यक्तींनी आशीर्वाद मागितल्यास, विवाहविधीशी गल्लत होऊ न देता, तो साधेपणाने देण्याची मोकळीक दिली. जगभरच्या धर्मप्रांतांत यावर उलटसुलट मते व्यक्त झाली. पण दार उघडे ठेवण्याची दिशा स्पष्ट आहे.

आपल्या वाट्याचे काम

धर्मबंधूंनो, या इतिहासातून आपल्या रोजच्या सेवेसाठी मला पुढील गोष्टी निघताना दिसतात.

पहिली, विश्वासाने सांगितलेले गुपित. पापनिवेदनाची गुप्तता आपण प्राणपणाने जपतो. पण व्हरांड्यात, चहाच्या वेळी, डोळे खाली घालून एखादा तरुण जे सांगतो, तेही तितक्याच गांभीर्याने जपावे. त्याच्या आईवडिलांना ‘त्याच्या भल्यासाठी’ कळविणे हा विश्वासघात होय.

दुसरी, विवाहाचा सल्ला. ‘लग्न करून द्या, सारे ठीक होईल’ हे वाक्य आपल्या तोंडून किती वेळा गेले असेल! असे लग्न हे औषध नव्हे. त्यात दोन आयुष्ये होरपळतात आणि दुसरे आयुष्य बहुधा काहीच ठाऊक नसलेल्या एका मुलीचे असते. धर्मनियमसंहितेचा ११०३ वा नियम बळजबरीने वा भीतीने दिलेली संमती रद्द ठरवितो. १०९५ वा नियम विवाहाची मूलभूत कर्तव्ये पेलण्याची क्षमता मागतो. विवाहपूर्व चौकशी करताना धर्मगुरूने दोघांशी एकेकटे बोलावे व खरोखर ऐकावे.

तिसरी, उपचाराचा मोह. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता रोगांच्या यादीतून वगळली. आकर्षण बदलून देण्याचा दावा करणारे उपचार हे वैद्यकीय गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली कळविले. डॉक्टराला जे वर्ज्य, ते प्रार्थनेच्या नावाखाली आपण करू नये. भूत काढण्याच्या प्रार्थना, कोंडून ठेवणे, उपाशी ठेवणे यांना ख्रिस्ताचे नाव लावू नये.

चौथी, आध्यात्मिक साह्य. अशा व्यक्तीशी बोलताना आपले सारे संभाषण एकाच विषयाभोवती घुटमळते. तो किंवा ती प्रार्थना कशी करते, कोणते स्तोत्र आवडते, राग व कृतज्ञता देवापुढे कशी मांडते, हे आपण विचारीत नाही. फिलिप्पाने त्या षंढास त्याच्या देहाविषयी एक प्रश्न विचारला नाही. काय वाचतोस, एवढेच विचारले. शुद्धतेचे पाचारण विवाहितांना आहे, धर्मगुरूंना आहे, तसे त्यांनाही आहे. पण इतरांना हे पाचारण आपण मैत्री, कुटुंब व धर्मग्राम यांच्या आधारासह देतो आणि यांना मात्र आधाराविना देतो. आधार न देता केवळ ओझे बांधणाऱ्या शास्त्र्यांना प्रभूने काय म्हटले, हे आपण जाणतोच.

पाचवी, आपली वाणी. प्रवचनात हशा मिळविण्यासाठी हिजड्यांची नक्कल करणारे वक्ते मी ऐकले आहेत. बाकांवर बसलेल्यांपैकी कोणाच्या काळजात ते काय करते, हे त्यांना कधी कळणार नाही. लक्ष्मी त्रिपाठी यांचे मराठी आत्मकथन २०१२ साली प्रसिद्ध झाले आहे. ते ख्रिस्ती पुस्तक नव्हे. तरी या व्यक्तींचे दुःख त्यांच्याच शब्दांत समजून घेऊ इच्छिणाऱ्याने ते वाचावे.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात असे सांगितले आहे की, येशूने वेशीबाहेर दुःख सोसले. म्हणून आपणही त्याची अप्रतिष्ठा सोशीत छावणीच्या बाहेर त्याच्याकडे जावे. कंपू म्हणजे छावणी. आपण आतले, व्यवस्थित रांगांत बसलेले, डावे-उजवे ठरलेले. प्रभू आत आहे आणि दाराशी बसलेल्यांना आपण आत आणावयाचे, अशी आपली समजूत असते. पत्राचा लेखक आपल्याला उलट दिशेने पाठवितो.

मी काकूंना तेव्हा म्हणालो होतो की, तिला स्त्रियांच्या बाजूला बसू द्यावयास हवे होते. ते उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. आज मी म्हणेन: काकू, तुम्ही तिच्यापासून चार हातांवर होता. ते चार हात ओलांडून तुम्ही पायताणांजवळ तिच्याशेजारी जाऊन बसायला हवे होते, गीताचे पुस्तक दोघींमध्ये धरून. मग ख्रिस्तप्रसादाच्या वेळी तिला हळूच विचारायचे, ‘तुला यायचे आहे का? चल, आधी फादरांशी बोलू.’ फिलिप्प रथात बसला तो असाच.

आणि हे काम काकूंवर सोपवून वेदीपाशी उभ्या राहणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनी काय करावे? मिस्सा आटोपल्यावर वस्त्रे उतरविण्यापूर्वी आधी दाराशी जावे. कोण तेथून निघून चालले आहे, ते पाहावे. त्याचे वा तिचे नाव विचारावे आणि पुढच्या रविवारी त्याच नावाने हाक मारावी. यशयाने ज्या नावाचे आश्वासन दिले, ते नाव देवाच्या घरात कोणाच्या तरी तोंडून उच्चारले जावे लागते. ते आपल्या तोंडून उच्चारले जावो.